फाइल जागेवर, नेटवर्क गायब

'अपडेटनंतर सर्व्हरचं नेटवर्क कॉन्फिगरेशन उडालं' अशी तक्रार आली की सगळे आधी नेटप्लॅनची फाइल उघडतात. बऱ्याचदा ती जशीच्या तशी असते. उडालेलं असतं ते कर्नलमधलं: रूट्स आणि राउटिंगचे नियम.

8 मार्च 2023 ला डेटाडॉग या मॉनिटरिंग कंपनीच्या बाबतीत हेच झालं. कंपनीने नंतर कारणमीमांसा प्रसिद्ध केली, ती वाचण्यासारखी आहे. उबुंटू 22.04 वर सिस्टिमडीचं सिक्युरिटी अपडेट आपोआप बसलं, सिस्टिमडी-नेटवर्कडी रीस्टार्ट झालं आणि 'हे मी घातलेले नाहीत' म्हणून त्याने कंटेनर-नेटवर्क सांभाळणाऱ्या सिलियमचे राउटिंग नियम पुसून टाकले. बूट होताना हे दिसत नाही. तेव्हा नेटवर्कडी आधी उठतं, सिलियम नंतर, त्यामुळे पुसायला काही नसतंच. चालू मशीनवर नेटवर्कडी रीस्टार्ट झालं तरच हा दोष उघडा पडतो.

दोष ऑटो-अपडेटला देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सिक्युरिटी पॅच वेळेवर बसला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. माझा आक्षेप डिफॉल्टवर आहे. नेटवर्कडीची बाजू अशी की फाइलमध्ये आहे तेच मशीनवर असावं, जुना कचरा राहू नये. ठीक. पण कंटेनरच्या काळात एकाच मशीनवर नेटवर्कला हात लावणारे दोन-तीन प्रोग्राम असतात. भाडेकरूचं सामान घरमालकाने ओळखलं नाही म्हणून रस्त्यावर टाकावं, तसला हा प्रकार! 'परके नियम पुसू नकोस' असं सांगायची सोय 249 व्या आवृत्तीत आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचली. यंत्रणा तीन क्लाउड कंपन्यांवर विभागलेली होती. पण उबुंटूचा अपडेट टायमर सकाळी सहाला सुरू होतो, फार तर तासाभराचा रँडम उशीर होतो, आणि सगळ्या मशीन्सचं घड्याळ यूटीसीवर. म्हणजे आपल्या साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान सगळीकडे एकदमच गडबड.

आपल्या सर्व्हरवर असं झालं तर एसएसएच बहुधा चालणार नाही, कन्सोलवरून शिरा. एपीटीच्या हिस्टरी लॉगमधली वेळ आणि जर्नलमधली नेटवर्कडी रीस्टार्टची वेळ ताडून बघा, मग 'आयपी रूल' चा आउटपुट चांगल्या मशीनशी जुळवा. हे सगळं रीबूटच्या आधी. रीबूट केल्यावर नेटवर्क परत येतं खरं, पण काय पुसलं गेलं होतं ते मग बघता येत नाही.