लक्षण, आकार आणि कबरी : शिलावर्तुळांच्या वर्गीकरणाची चिकित्सा

गेल्या खेपेस आपण तर्कशास्त्रातलं 'लक्षण' पाहिलं. एखाद्या वर्गाचं लक्षण सांगायचं म्हणजे असा धर्म सांगायचा, जो त्या वर्गातल्या प्रत्येकात असतो आणि वर्गाबाहेर कशातच नसतो. हे चुकतं तेव्हा तीन प्रकारे चुकतं. 'कपिल रंगाची ती गाय' म्हटलं की पांढऱ्या-काळ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. आणि 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं की एकही गाय सापडत नाही, हा असंभव. हे सगळं गायीपुरतंच आहे का, असं तेव्हा काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज ही कसोटी आपण जमिनीवरच्या एका गोष्टीला लावून पाहू : प्राचीन माणसांनी मृतांसाठी रचलेल्या ढिगाऱ्यांना आणि दगडांना. आम्ही पुरातत्त्वाचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. उत्खनकांनी जे शोधलं त्यावर आमचा आक्षेप नाही. शोधलेल्याला नावं कशी दिली गेली, एवढंच आम्ही तपासणार आहोत.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहराबाहेर थोड्याच अंतरावर जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. प्रथमदर्शनी फार काही वाटत नाही. काळ्या दगडांचं एक कडं, आत मातीचा आणि गोट्यांचा बसका भराव, वर गवत. पण अशी वर्तुळं माहूरझरी, खापा, नायकुंड, भागीमोहारी, रायपूर अशा कितीतरी गावांच्या शिवारात आहेत. आत लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम, तांब्याची झाकणं, काळी-तांबडी भांडी, कार्नेलियनचे मणी मिळाले. काही ठिकाणी चक्क घोडा पुरलेला मिळाला. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक, म्हणजे विदर्भातलं लोहयुग.

जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये खोदकाम केलं. तिथल्या काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते पाहून त्याला काय आठवलं? स्कॉटलंडमधल्या खडकांवरचे खळगे. थोडं आधी कर्नल मेडोज टेलर यानेही सुरपूर भागातल्या अशाच अवशेषांची तुलना ब्रिटनमधल्या अवशेषांशी केली होती. म्हणजे आपल्याकडच्या या दगडांकडे पाहण्याची नजर पहिल्यापासून तिकडच्या ढिगाऱ्यांवर तयार झालेली होती. म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

ब्रिटनमध्ये मातीच्या वा दगडांच्या अशा ढिगाऱ्याला 'बॅरो' म्हणतात. मोठे वर्ग दोन : लांब बॅरो आणि गोल बॅरो. लांब बॅरो नवाश्मयुगातले, इ.स.पू. ३८०० च्या आसपास सुरू झालेले. गोल बॅरो बहुतांशी कांस्ययुगातले, साधारण इ.स.पू. २२०० ते १५०० मधले. गोलांचे आणखी पोटवर्ग : वाडगं, घंटा, चकती, बशी, तळं. नावं ऐकून भांड्यांच्या फळीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं ना? पण हसू नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड कोल्ट होअर आणि विल्यम कनिंग्टन यांनी विल्टशरमध्ये शेकडो ढिगारे उघडले, तेव्हा त्यांना अशा काही नावांची गरजच होती. आकाराची वर्गवारी न खोदता, नुसतं पाहून करता येते. यादी करायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही. मोजणी, नोंद, नकाशा हे सगळं त्याशिवाय झालंच नसतं.

अडचण पुढे येते. यादीतलं नाव हळूहळू लक्षण होऊन बसतं.

आपले तिन्ही दोष इथे नेमके दिसतात. चकतीसारख्या बॅरोला पूर्वी 'ड्रुइड बॅरो' म्हणत. ड्रुइड हे केल्टिक पुरोहित. त्यांचा लिखित उल्लेख येतो तो हे बॅरो बांधले गेल्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. म्हणजे या वर्गातला एकही बॅरो ड्रुइडाचा नाही. असंभवाचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही. 'गोल तो कांस्ययुगीन' म्हटलं, तर यॉर्कशरमधला डगल्बी हाउ हा भला मोठा गोल ढिगारा नवाश्मयुगातला निघतो. ही अतिव्याप्ती. आणि 'लांब' किंवा 'गोल' यांतला एकच वर्ग निवडा म्हटलं, तर वेलँड्स स्मिदीचं काय करायचं? १९६२-६३ च्या उत्खननात दिसलं की तिथे आधी लाकडी कोठडीवर एक छोटा लंबगोल ढिगारा होता. त्याच्यावरच पुढे दगडी दालनं असलेला लांब बॅरो रचला गेला. आज जो आकार दिसतो तो गोष्टीचा शेवट आहे. सुरुवात त्याच्या पोटात आहे.

ही आमची आजची मुख्य तक्रार. आकार म्हणजे एका लांबलचक कृतीचा शेवटचा क्षण. त्याच्यावरून वर्ग पाडले की आधीच्या सगळ्या कृती नाहीशा होतात.

आता परत आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये, व्ही. डी. कृष्णस्वामी यांनी दक्षिण भारतातल्या प्रकारांची परिभाषा नेटकी करून 'एन्शन्ट इंडिया'च्या पाचव्या अंकात मांडली. तोवर एकाच रचनेला कुणी क्रॉमलेक म्हणे, कुणी डॉल्मेन, कुणी किस्टवेन. हा गोंधळ थांबवणं हे मोठं काम होतं. त्यांनी केरळातले टोपीकल, कुडाकल, म्हणजे टोपीसारखा दगड, छत्रीसारखा दगड, असे तिथल्या लोकांचे शब्दही परिभाषेत घेतले. हा मोकळेपणा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पण वर्ग पाडण्याचा पाया तोच राहिला : वर दिसणारा दगड. आणि सगळ्यांवर छत्र धरलं 'मेगॅलिथ' या शब्दाने. ग्रीक शब्द जोडून केलेलं हे नाव, 'मोठा दगड'. मराठीत आपण त्याचं महापाषाण केलं, बृहदश्म केलं. शब्द भारदस्त झाला, पण अर्थ तसाच राहिला.

लावा कसोटी. 'मोठ्या दगडांनी रचलेलं दफन म्हणजे महापाषाणीय दफन.' तमिळनाडूत ताम्रपर्णीकाठी आदिचनल्लूरला मोठमोठ्या मातीच्या रांजणांत दफनं मिळाली. तिथे दगडाचं कडं नाही. तरी भांडी आणि लोखंड पाहून त्यांची गणना या परंपरेतच होते. लक्षणातला दगड गेला, नाव राहिलं. ही अव्याप्ती. विदर्भातही, अनेक वर्तुळांत मानवी अस्थींचे थोडेसेच तुकडे मिळतात आणि काहींत मिळतच नाहीत. मग दफन कशाचं? स्मारक म्हणायचं, की विधीची जागा? 'दफन' हा शब्द आपण खोदण्याआधीच लावून मोकळे झालेलो असतो.

अतिव्याप्ती पाहायला तर उपनगराबाहेर जायलाही नको. बोरिवलीत एकसरला वीरगळ आहेत. पडलेल्या वीरांसाठी उभे केलेले मोठाले दगड, त्यांवर समुद्रातल्या लढाईची जहाजं कोरलेली. मोठा दगड आहे, मृताची आठवण आहे. महापाषाण म्हणाल का? नाही म्हणणार, कारण ते मध्ययुगातले आहेत. बरं, मग कान्हेरीला चला. तिथल्या निर्वाणवीथीत विटांच्या स्तूपांची रांग होती. दिवंगत स्थविरांसाठी बांधलेल्या त्या स्तूपांवरचे लेख शोभना गोखले यांनी वाचले. आकार गोल, उंचवटा, मृताच्या नावाने. निव्वळ आकाराच्या तागडीत हे स्तूप आणि विल्टशरचे गोल बॅरो एकाच पारड्यात पडतील. तसं कुणी करत नाही, हे खरं. पण का करत नाही? कारण कान्हेरीला लेख आहेत, संघ आहे, विचार आहे, हे आपल्याला माहीत आहे. जिथे लेख नाही तिथे मात्र आपण आकारालाच बोलायला लावतो.

आणि भामरागड? तिथले माडिया आजही आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. त्यांना 'जिवंत महापाषाण परंपरा' हे लेबल सर्रास लावलं जातं. कौतुकाने लावलं जातं, मान्य. पण त्याचा परिणाम काय होतो? मतदान करणारी, शाळेत जाणारी, आजच्या काळात जगणारी माणसं वर्गवारीच्या एका फटक्यात प्रागैतिहासिक होतात. एकसरच्या वीरगळाला आपण इतिहास म्हणतो आणि माडियांच्या दगडाला प्रागितिहास. दगड दोन्हीकडे उभाच आहे. फरक दगडात नसून आपल्या नजरेत आहे.

इथून पुढची पायरी अधिक धोक्याची आहे. आकारावरून काळ, काळावरून वंश. जॉन थर्नम याने १८६० च्या दशकात एक सूत्रच मांडलं : लांब बॅरोत लांब कवट्या, गोल बॅरोत गोल कवट्या. ढिगाऱ्याचा आकार आणि डोक्याचा आकार! आज कुणी म्हणेल, २०१८ च्या जनुकीय अभ्यासात ब्रिटनमध्ये इ.स.पू. २५०० नंतर लोकसंख्येत खरोखरच फार मोठा बदल दिसला, मग थर्नम बरोबरच नव्हता का? नाही. बदल हाडांतल्या जनुकांवरून कळला. ढिगाऱ्याच्या गोलाईने तो सांगितलेला नाही. निष्कर्ष जुळला म्हणून हेतू सिद्ध होत नाही, हे तर्काच्या पहिल्या इयत्तेत शिकवतात.

आपल्याकडे हेच झालं. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी महापाषाणीय संस्कृतीचा संबंध द्राविड भाषा बोलणाऱ्यांच्या आगमनाशी जोडला. दुसरीकडे घोडा दिसला की आर्य आठवणारेही आहेत. आमचं म्हणणं साधं आहे. वर्तुळाला मातृभाषा नसते. घोडा पुरला होता एवढं उत्खनन सांगतं. पुरणारा कोणती भाषा बोलत होता हे घोडा सांगत नाही.

मग वर्गीकरण टाकून द्यायचं? अजिबात नाही. वर्गाशिवाय विचारच होत नाही. आमची सूचना अशी की वर्ग पाडावेत ते कृतींच्या क्रमावर. आधी खड्डा खणला की जमिनीवरच ठेवलं? देह ठेवला, हाडं आणून ठेवली, की काहीच ठेवलं नाही? प्राणी केव्हा आला? भराव एकदम टाकला की थरांनी? दगडांचं कडं आधी की शेवटी? पुन्हा उघडलं का? या प्रश्नांची उत्तरं चांगल्या उत्खनन-अहवालांत असतात. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड इथे केलेल्या कामात ही सामग्री आहे. मथळ्यात 'शिलावर्तुळ' असलं तरी आतल्या पानांत क्रम आहे. तुलना तिथे करा. मग विल्टशर आणि विदर्भ यांचीही खुशाल करा. मधे शेकडो वर्षं आहेत, नातं जोडायची गरज नाही. मृतासाठी माणसं काय काय करतात, एवढं कळलं तरी पुष्कळ.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यांत निकडीचा. टाकळघाट-खापा हे जोडनाव पाहा. टाकळघाटला वस्ती, खाप्याला वर्तुळं. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, म्हणजे कबरीतली कुऱ्हाड घडवणाऱ्यांचं जग जवळच नांदत होतं. मराठीत आपण गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतो आणि शेताच्या जमिनीला काळी. दगडावर उभं असलेलं वर्गीकरण वर्तुळ पाहतं, पांढरी पाहत नाही. आणि नोंद होते ती वर्गाची. १९५८ च्या कायद्याने संरक्षण मिळतं ते जाहीर केलेल्या स्मारकाला वा स्थळाला. २०१० च्या दुरुस्तीने त्याभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. जुनापाणीला असं संरक्षण आहे. पण जे नोंदलंच नाही त्याच्याभोवती मीटर कुठून मोजणार? जुन्या वस्तीची पांढरी माती शेतात टाकायला नेतात, कारण ती जमिनीला चांगली असते. त्यात शेतकऱ्याचा काय दोष? तिथे काही आहे, हे सांगणारा शब्दच आपण त्याला दिलेला नाही. नागपूर वाढतंय, खाणी वाढताहेत. वर्तुळं वाचली आणि त्यांच्यामधली, त्यांच्याशेजारची जमीन गेली, तर उरतील ते नुसते दगड. महापाषाण. तेव्हा मात्र ते नाव अगदी बरोबर ठरेल.

सदोष लक्षणाने गाय मरत नाही, असं आम्ही विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असू. इथे मात्र सदोष लक्षणाने जागा जाते, आणि गेलेली जागा पुन्हा खोदता येत नाही.

पुढच्या व्याख्यानात 'जाती' आणि 'उपाधी' यांतला भेद घेऊ. त्याआधी जमलं तर एकसर आणि कान्हेरी पाहून या, दोन्ही आपल्याच बाजूला आहेत. पाहताना हे काय आहे असं विचारू नका. इथे आधी काय केलं, मग काय केलं, असं विचारा. प्रश्न असतील तर आता घेऊ.