‘प्रिय बाई’ वाचताना

इटलीतील बार्बियाना या डोंगरी वस्तीवर फादर लोरेन्झो मिलानी यांच्या शाळेतील मुलांनी लिहिलेले पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले. त्याचा मराठी अनुवाद म्हणजे ‘प्रिय बाई’. गरिबांच्या मुलांना नापास करून शेतावर परत धाडणाऱ्या शिक्षिकेला ते उद्देशून असल्याने वाचकांच्या ध्यानी राहतो तो त्यातील संताप. आम्हांला मोलाची वाटली ती लेखनाची रीत. प्रत्येकाने खिशात टिपणवही बाळगायची, सुचेल ते सुट्या कागदाच्या एकाच बाजूस उतरवायचे. मग सारे कागद मेजावर मांडून पुनरुक्ती गाळायची, गट पाडायचे. अखेरीस जादा शब्द हुडकून काढण्याची चढाओढ!

उणीव एकच, पण मोठी. ही मुले वयाने थोराड आणि त्यांचे लेखन सामुदायिक. एकट्याने पुस्तक उघडणारे सात वर्षांचे मूल या पानांत भेटत नाही. कृष्णाकाठी, उंब्रजच्या परिसरात, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागे आलेले मूल वर्गात बसते, तेव्हा धडा पुढे गेलेला असतो. त्याला रोज अर्धा तास आपल्या आवाक्याचे पुस्तक आणि वहीत मनातल्या चार ओळी, एवढे तरी लाभावे. त्या वेळी बाईंनी लाल शाई बाजूला ठेवून एकेकापाशी बसावे. चाळीस मुलांत हे कठीण, हे आम्ही जाणतो. पण पुस्तके कुलपात जपणाऱ्या शाळांनी ही सबब सांगू नये.

पोप फ्रान्सिस २०१७ साली फादर मिलानींच्या कबरीपाशी प्रार्थनेला गेले होते. आपल्या किती शिक्षकांनी हे पत्र वाचले आहे?