प्रज्ञेची व्याख्या आणि विळा

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) येथील विद्यार्थ्यांनी ‘प्रज्ञा’ या संज्ञेवर लिहिलेले परिच्छेद आम्ही वाचले. ‘प्रज्ञा म्हणजे ज्ञान’ असे बहुतेकांनी लिहिले आहे. पर्यायी शब्द देणे म्हणजे व्याख्या करणे नव्हे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भदन्त नागसेन लक्षण सांगतात : मनसिकाराचे पकडणे, प्रज्ञेचे छेदणे. राजाने उपमा मागताच ते डाव्या मुठीत धाटे धरून उजव्या हातातील विळ्याने जव कापणारा माणूस दाखवितात. एका परिच्छेदात हाच विळा ज्वारीच्या रानात आला आहे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या रानात विळा चालविला, तेथील मुलांना ही उपमा समजावून द्यावी लागत नाही. भाषा ग्रामीण म्हणून तिचे गुण कापणे आम्हांस मान्य नाही. मात्र प्रज्ञेने छेदले जातात ते क्लेश, हे लिहावयाचे राहिले. तेवढा एक गुण आम्ही राखून ठेवू.