काळा घोडा : पुतळा बघायचा कसा?

मी औंधची. पुण्याच्या नव्हे, साताऱ्याच्या औंधची. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण नाव एकच असलं तरी गावं दोन आहेत. पत्त्यात असा घोटाळा झाला तर पत्र चुकतं, एवढंच. संशोधनात झाला तर आपण नाव मोजतो आणि वस्तू मोजली असं समजून बसतो. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्यांसाठी आज याचंच एक उदाहरण घेऊ या : मुंबईचा काळा घोडा.

आधी नोंदी. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. तो होता राजपुत्राचा, पण लोकांनी राजपुत्राला बाजूला ठेवून जागेला नाव दिलं ते घोड्याच्या रंगावरून. १९६५ मध्ये पुतळा तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. १९९९ मध्ये सुरू झालेला कला महोत्सव याच नावाने भरतो. अरुण कोलटकरांचा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी कवितासंग्रह २००४ मध्ये आला, तोही घोडा जागेवर नसताना. मग २०१७ मध्ये तिथे उंच चौथऱ्यावर नवा काळा घोडा आला. त्याच्यावर स्वार नाही.

या नव्या पुतळ्यात एक गोष्ट नक्की चांगली आहे. साम्राज्याचा राजपुत्र परत आणला नाही, आणि लोकांनी ठेवलेल्या नावाला मान दिला. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

तरीही मला हा पुतळा फसलेला वाटतो. घडण वाईट आहे म्हणून नाही, तर त्याने एक चांगला प्रश्न बंद केला म्हणून. बावन्न वर्षं तिथे येणारा नवखा माणूस विचारायचा, "काळा घोडा म्हणता, पण घोडा कुठाय?" उत्तर द्यायचं तर राजपुत्र, ससून, १९६५, राणीची बाग हे सगळं सांगावं लागायचं. आता घोडा समोरच दिसतो, त्यामुळे कुणाला विचारावंसं वाटत नाही. फील्डवर्क केलेल्यांना हे कळेल. पाहणीत एखादी प्रजाती आढळली नाही तर आपण रकाना कोरा सोडत नाही, शून्य लिहितो. शून्य हीसुद्धा नोंद असते. इथे त्या शून्यावर छान दिसणारा आकडा लिहिला गेला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुंबईतला घोडा असा मोकळा कधी होता? ९ मे १८७४ पासून अनेक वर्षं त्याने ट्राम ओढली. नंतरही व्हिक्टोरिया ओढत राहिला. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नुसत्या मौजेच्या फेरीसाठी घोडागाडी चालवणं बेकायदेशीर ठरवलं, वर्षभरात ती बंद करायला सांगितलं आणि त्यावर पोट असलेल्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. जनावराचे हाल होत असतील तर बंदी मला पटते. पण वर्षांचा क्रम बघा : २०१५ मध्ये खऱ्या घोड्यांना रस्ता बंद, २०१७ मध्ये घोड्याचा पुतळा, २०२१ मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया. एकीकडे गाडीशिवाय घोडा, दुसरीकडे घोड्याशिवाय गाडी. लगाम धरणारा गाडीवान, तबेल्यात खरारा करणारा माणूस, दोन्हीकडे नाही. स्वार काढताना राजपुत्र गेला हे बरंच झालं, पण त्याच्याबरोबर घोड्याशी रोजचा संबंध असलेली माणसंही चित्रातून गेली. 'घोड्याचं स्मारक' म्हणून हा पुतळा अपुरा पडतो तो इथे. स्मारक आहे ते नावाचं.

आता तुमच्या प्रस्तावाकडे या. 'लिटरेचर रिव्ह्यू'मध्ये आपण हेच करतो. एखादा शब्द दहा पेपरांत सापडला की सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं धरून चालतो. एखादी जागा रिकामी दिसली की घाईने काहीतरी भरतो, कारण गाईडला रिकामी जागा दाखवायला संकोच वाटतो. ती रिकामी का राहिली, हाच कदाचित तुमचा विषय असेल.

जमलं तर एक काम करा. सीएसएमटीला उतरून आधी काळा घोडा बघा. मग परत येऊन स्लो लोकल पकडा आणि मशीद, सँडहर्स्ट रोडनंतर भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत स्वारासकट जुना पुतळा बघा. वहीत दोन रकाने करा : समोर काय दिसतं, आणि काय काढून टाकलंय. दुसरा रकाना भरायला जास्त वेळ लागेल. लागू द्या.