केवल वाक्याकडून संयुक्त वाक्याकडे : मुंबई उपनगरांतील मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांतील इंग्रजी वाक्यरचनेच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. तोपर्यंत मुलाची या विषयाशी शालेय ओळख पाचवीत होत असे. या निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु तिचा रोख प्रामुख्याने ‘इंग्रजी केव्हा शिकवावे’ या प्रश्नावर राहिला. ‘इंग्रजी वाक्य कसे शिकवावे’ हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. पहिलीपासून इंग्रजी शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याच्याकडे शब्दसंग्रह बेताचा का होईना असतो. पण सलग दोन वाक्ये स्वतःची म्हणून लिहिण्याची वेळ आली की त्याची लेखणी अडते. या अडचणीचे एक मूळ प्राथमिक वर्गात केवल व संयुक्त वाक्ये ज्या रीतीने शिकवली जातात त्या रीतीत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उपनगरातील मूल आणि त्याची इंग्रजी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील मराठी शाळेत येणारे मूल इंग्रजी शब्दांना अनोळखी नसते. स्टेशन, प्लॅटफॉर्म, तिकीट, लिफ्ट, बिल्डिंग, वॉचमन हे शब्द त्याच्या मराठीतच मुरलेले असतात. मात्र ही इंग्रजी त्याच्या कानावर येते ती सुट्या नामांच्या रूपाने. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ आणि ‘नेक्स्ट स्टेशन’ या शब्दांपुढे केवळ स्थानकाचे नाव येते. दोन्ही भाषांत क्रियापद नसते. दुकानांच्या पाट्या आणि वाहनतळावरील सूचना यांचेही स्वरूप असेच असते. तात्पर्य, या मुलाकडे नामांचा साठा आहे; उणीव आहे ती क्रियापदाची, म्हणजे वाक्याच्या कण्याची. अध्यापनाची सुरुवात ही उणीव ओळखून व्हावयास हवी. प्रत्यक्षात प्रारंभीच्या इयत्तांत फळे, प्राणी, रंग यांच्या याद्यांवरच अधिक भर दिला जातो आणि असलेल्या नामांत आणखी नामांची भर पडते.

प्रचलित पद्धतीचे स्वरूप

वाक्य जोडण्याचा जो सराव वर्गांतून घेतला जातो त्याची परंपरा जुनी आहे. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ‘सिंथेसिस’, म्हणजे वाक्यसंयोजन, या शीर्षकाखाली दोन सुटी वाक्ये देऊन त्यांचे एक वाक्य करावयास सांगितलेले आहे. प्रौढ विद्यार्थ्यासाठी योजलेला हा सराव प्राथमिक वर्गात आला तो अधिक यांत्रिक होऊन. ‘राजू इज टॉल. राजू इज थिन.’ अशी दोन वाक्ये दिली जातात आणि कंसात ‘अँड’ हा शब्द दिलेला असतो. मूल तो मध्ये बसवते आणि पूर्ण गुण मिळवते.

या सरावात तीन दोष संभवतात. पहिला असा की, दोनपैकी एकही वाक्य मुलाने रचलेले नसते. दुसरा असा की, दोन विधानांत बेरीज आहे, विरोध आहे की परिणाम आहे, याचा निर्णय कंसातील शब्दाने आधीच केलेला असतो. वास्तविक तो निर्णय हेच संयुक्त वाक्याचे मर्म होय. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. केवल वाक्य सोपे आणि संयुक्त वाक्य त्यापुढची पायरी, असे येथे गृहीत धरलेले असते. मराठीभाषक मुलाच्या बाबतीत हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

मराठी वाक्याची घडण

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून शालेय व्याकरणापर्यंत केवल, मिश्र व संयुक्त या वाक्यप्रकारांचा विचार झालेला आहे. पण मराठीतील केवल वाक्य आखूडच असते असे नाही. ‘आई पहाटे उठून, डबा करून, पाणी भरून कामाला जाते’ हे शालेय व्याकरणानुसार केवल वाक्यच आहे. त्यात क्रिया चार आहेत; परंतु ‘जाते’ हे एकच क्रियापद काळ, पुरुष व वचन दाखवते. उरलेल्या तीन क्रिया ‘ऊन’ प्रत्यय घेऊन त्याच्या मागे उभ्या राहतात. सहा-सात वर्षांचे मूल अशी वाक्ये सहज बोलते.

हाच आशय सहज इंग्रजीत सांगताना मात्र प्रत्येक क्रियेला काळ द्यावा लागतो आणि शेवटच्या दोहोंमध्ये ‘अँड’ घालावा लागतो : ‘मदर गेट्स अप, मेक्स द टिफिन, फिल्स द वॉटर अँड गोज टू वर्क.’ म्हणजे मराठीत जी साखळी केवल वाक्यात मावते तिच्यासाठी इंग्रजीत जोडरचना लागते. ‘मदर गेट अप, मेक टिफिन अँड गोज टू वर्क’ असे वाक्य मुलाने लिहिले, तर शिक्षक ते निष्काळजीपणाचे मानतो. वस्तुतः मुलाने मराठीचा नियम इमानाने पाळलेला असतो : प्रत्यय फक्त अखेरच्या क्रियापदाला. चूक आहे, पण तिला तर्क आहे. आणि हा तर्क दाखवून दिल्यावाचून केवळ लाल शाईने ती सुटणे कठीण.

भाषांतरपद्धतीने या ‘ऊन’साठी ‘हॅविंग’चा पर्याय दिला. ‘घरी जाऊन’ म्हणजे ‘हॅविंग गॉन होम’ हे समीकरण व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही. परंतु ती ग्रंथातली इंग्रजी झाली. खेळून घरी आलेल्या मुलाच्या तोंडी ती शोभत नाही.

उभयान्वयी अव्ययांबाबतही असेच साम्य-भेद दिसतात. मराठीतील ‘म्हणून’ हा शब्द स्वतःच ‘म्हणणे’ या धातूचे ‘ऊन’ रूप आहे. ‘पाऊस पडला म्हणून शाळा बंद होती’ यातील क्रम ‘सो’च्या क्रमाशी तंतोतंत जुळतो; त्यामुळे ‘सो’ लवकर शिकवता येईल. याउलट ‘पण’ हा शब्द विरोधही दाखवतो आणि ‘मी पण येतो’ येथे ‘सुद्धा’ या अर्थानेही येतो. ‘बट’ म्हणजे ‘पण’ एवढेच सांगून थांबल्यास घोटाळ्यास वाव राहतो. शिवाय मराठी क्रियापद कर्त्याची ओळख पोटात घेऊन चालते. ‘धावत गेले, पण गाडी सुटली’ येथे कर्ता अध्याहृत आहे. इंग्रजीत तो लिहावाच लागतो.

पर्यायी क्रम

वरील विवेचनावरून अध्यापनाचा वेगळा क्रम सुचतो. प्रथम एका क्रियेची तोंडी वाक्ये घ्यावीत, ज्यांत कर्ता आणि क्रियापद कधीच गाळले जाणार नाहीत. त्यानंतर मुलाकडून त्याच्या दिवसाचे मराठी वाक्य घ्यावे, त्यातील ‘ऊन’ची रूपे फळ्यावर अधोरेखित करावीत, प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद द्यावे आणि मग ‘अँड’ने साखळी पुरी करावी. अखेरीस दोन विधाने देऊन अव्यय मुलाने निवडावे आणि निवडीचे कारण मराठीत सांगावे. मूल्यमापनात गुण त्या निवडीला असावेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. इंग्रजीच्या तासाला मराठी आणल्यास इंग्रजी ऐकण्याची संधी घटते, हा पहिला. परंतु राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ याने बहुभाषिकता हे वर्गातील साधन मानले आहे. आणि येथे मराठी येते ती उत्तर म्हणून नव्हे, तुलनेसाठी. दुसरा आक्षेप उपनगरांच्या भाषिक वास्तवाचा आहे. घाटकोपर-मुलुंडमध्ये गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि मराठी शाळेतील सर्वच मुलांची घरची भाषा मराठी असते असे नाही. मात्र हिंदीतील ‘जाकर’ आणि गुजरातीतील ‘जईने’ ही रूपे मराठी ‘जाऊन’चेच काम करतात. कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात अशी रूपे हे दक्षिण आशियाई भाषांचे एक समान वैशिष्ट्य म्हणून अभ्यासले आहे. म्हणजे ही पद्धत बहुभाषिक वर्गातही निरुपयोगी ठरत नाही.

समारोप

प्रत्येक चूक मातृभाषेमुळे होते असा दावा येथे नाही. सरावाचा अभाव, मोठे वर्ग आणि वाचनसाहित्याची टंचाई ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु मराठीचा शिक्षक ‘केवल वाक्य’ शिकवतो आणि इंग्रजीचा शिक्षक ‘सिंपल सेंटेन्स’ शिकवतो, आणि दोघांची वाक्ये कधी एका फळ्यावर येत नाहीत, ही स्थिती बदलणे शिक्षकांच्या हातात आहे. अध्यापक महाविद्यालये आणि मराठी व इंग्रजी विभाग यांनी मुलांच्या वह्यांतील वाक्ये एकत्र बसून तपासली, तर वरील क्रमाची पारखही होईल. मराठी शाळेत राहून इंग्रजी येत नाही, या समजापोटी पालक मुलांना तेथून काढतात. मराठी वाक्य नीट समजलेल्या मुलाला इंग्रजी वाक्य रचता येते, हे वर्गात दाखवून देणे हेच त्या समजाला खरे उत्तर ठरेल.