सुतक कुणाला?

'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीची माझी प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच, म्हणून परवा एका जुन्या ग्रंथालयातून दुसरी आणली. पाहतो तर समासात पेन्सिल. समासात लिहिणाऱ्या वाचकांची आपल्याकडे एक बेनाम जमात आहे. ग्रंथपालांचा तिच्यावर राग असतो, माझा लोभ आहे. परीक्षणात जे लिहायला लोक कचरतात, ते समासात सापडतं. या प्रतीत तनयच्या भागात, सुरुवातीच्या काही पानांतच, बारीक, शाळेत वळण लावलेल्या अक्षरात लिहिलं होतं : 'पुढे वाचवत नाही.' खाली दुसऱ्या कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात : 'मग ठेवून द्या की!'

त्यानंतर तनयचा भाग संपेपर्यंत समास कोरा. अनुजाचा भाग सुरू झाला आणि बारीक अक्षर परत आलं. 'बिचारी.' मग 'हिचं काय चुकलं?' आणि थोडं पुढे, 'आईवडिलांचा तरी विचार करायचा.' म्हणजे बाईंनी (अक्षरावरून मी बाई धरतो, चुकतही असेन) पुस्तक ठेवलं नव्हतं. तनयला ओलांडून त्या बहिणीपाशी जाऊन बसल्या होत्या.

त्या पेन्सिलीनं मला हे लिहायला बसवलं आहे. पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाची गोष्ट मराठीत कशी लिहिली जाते यावर थोडंफार बोललं गेलंय. ती वाचली कशी जाते, यावर मात्र आपण गप्प असतो.

सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ साली मौजेनं काढली. कथानक दोन ओळींचं आहे. वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेला तरुण, त्याच्यावर एकाच घरातल्या तनय आणि अनुजा या भावाबहिणीचं प्रेम. बहीण त्याच्याबरोबर निघून जाते, तो तिलाही सोडतो. त्याला लेखकानं नाव दिलेलं नाही. खरी करामत आहे ती कोण कुणाशी बोलतंय यात. अनुजा पळून गेल्यावर घर हादरतं, कुजबुज सुरू होते, आईवडिलांचे चेहरे उतरतात. त्याच दिवशी तनयचंही सगळं गेलेलं असतं. पण त्याला विचारणार कोण? आपल्या घरांत सुतकाचेसुद्धा हिशेब असतात : कुणाला दहा दिवस, कुणाला तीन, कुणी नुसतीच आंघोळ करायची. सगळं नात्यावर ठरतं. तनयचं नातं कुणाला ठाऊकच नाही, म्हणून त्याला सुतक नाही. सगळ्यांबरोबर त्यानं बहिणीची काळजी करायची.

मग तो गेलेल्या माणसाशीच बोलत बसतो, 'तू' म्हणून. या 'तू'चं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालेलं नाही. प्रथमपुरुषी निवेदनात वाचक शेजारी बसून ऐकतो, तृतीयपुरुषीत खिडकीतून बघतो. इथे तनय जे बोलतो ते थेट वाचकाच्या तोंडावर येतं. सोडून गेलेला तो तूच. वाचकाला बसायला दुसरी खुर्चीच ठेवलेली नाही. मराठी गद्यात इतक्या साध्या सर्वनामाकडून इतकं काम करून घेतलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. आणि तरीही आपला वाचक उठतो, जिना उतरतो आणि अनुजाच्या खोलीत जाऊन बसतो. तिचं दुःख ओळखीचं असतं. पळून गेलेल्या मुलीचं काय करायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

वाचकाला ही सवय लावली कुणी? आम्हीच. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. तिथे प्रेम मित्रा आणि नमा या दोन मुलींचं, पण आपण सगळं पाहतो ते बापूच्या डोळ्यांनी. मित्रा मरते, बापू उरतो. आपण बापूबरोबर घरी येतो. अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये नवऱ्याचं प्रेम दुसऱ्या पुरुषावर आहे, आणि कॅमेरा बायकोचा हात सोडत नाही. चेतन दातारच्या 'एक माधवबाग'मध्ये मुलाची डायरी वाचते आई. संहिता चांगली आहे, प्रयोगानंतर डोळे पुसत बाहेर पडणारे प्रेक्षक मी पाहिलेत. पण ते रडू आईचं असतं. मुलासाठी रडायचं तर मुलगा रंगमंचावर असायला नको? मित्र, बायको, आई. प्रेम ज्याचं तो आत, आणि बाहेर ओटीवर त्याचे नातेवाईक आपल्याला हकिगत सांगतायत.

बाकीचं थोडक्यात. बिंदुमाधव खिऱ्यांची 'पार्टनर' गरजेपोटी लिहिलेली आहे, एकट्या पडलेल्या मुलांच्या ती उपयोगी पडली असेल तर तिच्या शैलीची झडती मी घेणार नाही. २०२२चा 'कोबाल्ट ब्लू' हा सिनेमा कोचीला गेला. निळा भरपूर मिळाला, घर हरवलं. इंग्रजीतून येणारी 'हार्टस्टॉपर' छापाची शाळकरी गोडी दात किडवणारी आहे, पण आमच्या पुतण्याच्या वयाला चालेल.

मला राग आहे तो दोन शब्दांचा. 'धाडसी' आणि 'संयत'. समलिंगी प्रेमावरचं कोणतंही मराठी परीक्षण काढा. 'धाडसी विषय लेखकानं संयतपणे हाताळला आहे' हे वाक्य नसेल तर मी माझे शब्द मागे घेईन. विषय! तात्या आणि काकूंच्या प्रेमाला आपण विषय म्हणतो का? हाताळायला तो काय काचेच्या बरणीतला विंचू आहे? आणि संयत म्हणजे काय, तर मला अवघडल्यासारखं झालं नाही, आभारी आहे. हे वाक्य लिहिणारा समीक्षक पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही, स्वतःची घडी मोडली नाही एवढंच कळवतो. शिव्या देणारा वाचक परवडला. त्याला निदान काहीतरी टोचलेलं असतं.

ॲनी प्रूंची हकिगत या संदर्भात मला वारंवार आठवते. त्यांची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा १९९७ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये आली, २००५ साली ॲंग लीचा चित्रपट झाला, आणि मग वाचकांनी त्यांना भंडावून सोडलं. त्यातले बरेच पुरुष. आपण स्वतः तसले नाही असं आधी सांगून घ्यायचं आणि मग कथेचा शेवट बदलून पाठवायचा : दोघा नायकांपैकी जॅक मरत नाही, किंवा एनिसला दुसरा कुणीतरी भेटतो, सगळं गोड. ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं, असं त्या वैतागून मुलाखतीत बोलून गेल्या. लेखिका म्हणून त्यांचं म्हणणं रास्तच आहे. कथेतल्या एकात एक घातलेल्या त्या दोन शर्टांनंतर कसला आलाय गोड शेवट.

पण मी त्या वाचकांच्या बाजूचा आहे. त्यांचे शेवट भिकार असतील. तरी कथेतला माणूस मेला हे त्यांना सहन झालं नाही आणि ते कागद घेऊन बसले. फॉर्स्टरनं १९१३-१४ साली पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी लिहिताना शेवट सुखाचाच करायचा असा हट्ट धरला होता, आणि त्या हट्टापायी हस्तलिखित जन्मभर पेटीत ठेवलं. ते छापलं गेलं १९७१ साली, तो गेल्यावर. प्रूंच्या वाचकांनी तोच हट्ट धरला. मित्राला जगवा, असं तेंडुलकरांना कुणी लिहिलं होतं का? माझ्या तरी ऐकिवात नाही. आम्ही तिचं मरण संयतपणे स्वीकारलं.

आमच्याकडे लेखकाला विचारतात ते वेगळंच : 'तुम्ही स्वतः...?' हा आजार फक्त आपला नाही. अमेरिकेत समलिंगी प्रेमाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टालीला वाचकांनी 'तुला हे लिहायचा अधिकार काय' म्हणून इतकं छळलं की २०२०मध्ये तिला आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्या गोष्टींत मनाची तयारी होईपर्यंत कुणाला बोलायला भाग पाडू नये असं लिहिलंय, त्याच गोष्टींच्या चाहत्यांनी हे केलं.

कायद्याचंही पाहा : ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाच्या कचाट्यातून समलिंगी प्रेम सोडवलं. १७ ऑक्टोबर २०२३ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क मात्र नाकारला. म्हणजे प्रेम करा, पण नात्याच्या रकान्यात काही लिहू नका. न्यायालयाशी मी भांडू शकत नाही. वाचकाशी भांडू शकतो. नात्याचा रकाना भरायला वाचकाला घटनापीठ लागत नाही. तनय 'तू' म्हणतो तेव्हा 'ओ' द्यायची, एवढंच काम आहे, आणि तेही आपल्याला जमू नये?

ग्रंथालयाची प्रत मी काल परत केली. नियम मोडून तनयच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं 'बिचारा' लिहून ठेवलंय. दंड होईल तो भरीन.