प्रचारपत्रकाचे गद्य : काळाचौकीच्या निमित्ताने

निवडणुकीचे प्रचारपत्रक हा अल्पायुषी गद्यप्रकार असल्याने त्याच्या भाषेची चिकित्सा आपल्याकडे क्वचितच होते. काळाचौकीसारख्या कामगारवस्तीत महापालिकेच्या निवडणुकीत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांचा साचा ठरलेला असतो : वर नेत्यांची छायाचित्रे, मध्ये हात जोडलेला उमेदवार, खाली आश्वासने. छायाचित्र व चिन्ह यांनी ओळख पटते, हे मान्यच केले पाहिजे. दोष आहे तो आश्वासनांच्या वाक्यरचनेत. 'घरांचा प्रश्न सुटेल' या वाक्यात प्रश्न सोडविणारा कोण, हे सांगितलेले नसते. येथील अभ्युदयनगर ही म्हाडाची वसाहत. तिच्या पुनर्विकासाचा निर्णय म्हाडा व राज्यशासन यांचा. नगरसेवक पाठपुरावा करू शकतो, निर्णय देऊ शकत नाही. उलट गटारे, पाणी, पालिकेची शाळा व दवाखाना हे त्याच्या कक्षेतील विषय पत्रकात एका ओळीत उरकले जातात.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांपुरते पाहता, लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली घातलेल्या १२७-अ या कलमाने पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापणे बंधनकारक केले. छापलेल्या मजकुराला कोणीतरी उत्तरदायी असावे, हे त्यामागील तत्त्व होय. तेच तत्त्व आश्वासनांना लावावे : कोणते काम, कोणत्या गल्लीत, कोणाच्या अधिकारात आणि केव्हापर्यंत. असे पत्रक मतदार जपून ठेवील आणि पाच वर्षांनी उमेदवारापुढे धरील. पत्रकाच्या परिणामकारकतेची खरी कसोटी हीच, असे आम्हांस वाटते.